मागच्या दोन रांगांतील कुजबुज

अकोला जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत तिसरीला शिकवणाऱ्या शिक्षिकेचे पत्र आले आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव आणि काही तपशील वगळून त्याचा सारांश देत आहे.

वर्गाचा पट ३१. त्यांपैकी ११ मुले मेळघाटातून पुनर्वसित झालेल्या वस्तीतील कोरकू आदिवासी कुटुंबांतली आहेत. उरलेली गावातली, घरी वऱ्हाडी बोलणारी. कोरकू मुले मागच्या दोन रांगांत एकत्र बसतात, प्रश्न विचारला की खाली पाहतात आणि बाई फळ्याकडे वळल्या की आपसांत कोरकूत बोलू लागतात. एक मुलगी जूनपासून वर्गात अवाक्षर बोललेली नाही. धडा मात्र अडखळत का होईना वाचते. एक मुलगा सतत उठतो, इतरांच्या वह्या ओढतो, मधूनच वर्गाबाहेर जातो. गावातल्या काही पालकांची तक्रार आहे, की ही मुले त्यांच्या भाषेत आमच्या मुलांना शिव्या देतात. मुख्याध्यापकांनी ‘वर्गात फक्त मराठी’ असा नियम केला असून कोरकू बोलणाऱ्यांची नावे वर्गनायक वहीत लिहून देतो. बाईंचे प्रश्न तीन आहेत: हा नियम योग्य आहे का, पालकांना घरीही मराठीच बोलायला सांगावे का, आणि न बोलणाऱ्या मुलीचे नाव बौद्धिक अक्षमतेच्या तपासणीसाठी पाठवावे का. शेवटी त्यांनी लिहिले आहे, ‘मला कोरकूचा एक शब्द येत नाही आणि या मुलांचे नुकसान माझ्या हातून होत आहे असे रोज वाटते.’

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. दुसऱ्या वाचनात जे लक्षात आले ते आधी सांगते. त्याच अकरा मुलांविषयी तुमच्या दोन तक्रारी आहेत: ती बोलत नाहीत, आणि ती सारखी बोलतात. तुम्ही प्रश्न विचारला की गप्प, तुम्ही पाठ फिरवली की बडबड. या दोन तक्रारी शेजारी शेजारी ठेवल्या, तर मुलांच्या स्वभावाविषयी त्यांतून फारसे हाती लागत नाही. एवढेच दिसते, की त्यांच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ज्या भाषेत ते आहे तिला तुमच्या वर्गात मागच्या दोन रांगांच्या पुढे यायला वाव नाही.

त्या कुजबुजीत नेमके काय चालते, हे तुम्हाला माहीत आहे का? पत्रावरून तरी नाही असे दिसते, आणि त्यात तुमचा दोष नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी अध्यापक विद्यालयात शिकवत होते, तेव्हा छात्रशिक्षकांचे पाठ पाहायला मेळघाटातल्या धारणी तालुक्यातल्या एका शाळेत गेले होते. पाठ सुरू असताना दोन मुले सारखी एकमेकांच्या कानाशी लागत होती. मी निरीक्षक होते, माझे ते काम नव्हते, तरी न राहवून मी त्यांना उभे केले. खिचडी शिजवणारी बाई दारात तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, ‘बाई, तो त्याले सांगून राहिला का कोणतं पान काढाचं ते.’ छात्रशिक्षकाने पान क्रमांक मराठीत सांगितला होता, एका मुलाला तो कळला होता, दुसऱ्याला कळला नव्हता. वर्गात त्या घटकेला सर्वांत उपयोगाचे काम जो मुलगा करत होता, त्यालाच मी शिक्षा केली होती.

म्हणून पहिली विनंती अशी, की आठवडाभर ती कुजबुज थांबवू नका. मागच्या रांगेजवळ उभ्या राहा आणि पाहा: ती तुमच्या सूचनेनंतर लगेच सुरू होते का, बोलणारा वहीकडे किंवा पुस्तकाकडे बोट दाखवतो का, ऐकणारा त्यानंतर काही लिहू लागतो का. तसे असेल, तर तुमच्या वर्गात बिनपगारी दुभाषे आधीपासूनच कामाला आहेत आणि वर्गनायकाच्या वहीत रोज त्यांचीच नावे चढत आहेत. काही कुजबुज निव्वळ टवाळीची असेलच. तिसरीची मुले आहेत, पुढच्या रांगांतली वऱ्हाडी मुलेही टवाळी करतातच. फक्त ती तुम्हाला समजते, म्हणून तिची भीती वाटत नाही.

दुसरी एक गोष्ट आपण सहज विसरतो. ही मुले मेळघाटातल्या आपल्या गावातच राहिली असती, तर वर्गात सगळीच कोरकू असती आणि एकटे पडले असते ते शिक्षक. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातून गाव उठले, डोंगर उतरून अकोटच्या सपाटीवर आले, आणि त्याच मुलाचे तीन गोष्टींचे नाते एका दमात बदलले: जंगलाशी, बाजाराशी आणि भाषेशी. तिकडे दुकानात, एस.टी.त, दवाखान्यात कोरकूनंतर कानावर पडते ती बहुधा हिंदी, कारण धारणीचा सारा व्यवहार मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून आहे. तुमच्या काही मुलांना मराठीपेक्षा हिंदी अधिक समजत असण्याची शक्यता बरीच आहे. हे तुम्ही तपासून पाहिले आहे का? एखादी सूचना मराठीत न कळलेल्या मुलाला तीच सोप्या हिंदीत देऊन पाहा. ज्याला आपण एकच भाषा येणारा समजतो, तो मुलगा दोन भाषांत वावरत तिसऱ्या भाषेच्या दाराशी उभा असतो, असे पुष्कळदा आढळते.

आता त्या मुलांच्या मराठीविषयी. ‘माझा आई आला’, ‘मोठा चिंच’ अशी वाक्ये तुम्ही नमुन्यादाखल दिली आहेत आणि ‘साधे लिंगही कळत नाही’ असे लिहिले आहे. कोरकू ही मराठीच्या कुळातली नाही, तेलुगू-गोंडीच्याही नाही. ती मुंडा भाषांपैकी आहे. झारखंड-ओडिशाकडची संताली, मुंडारी आणि ‘हो’ या भाषा तिच्या बहिणी, आणि दूरच्या नात्याने पाहिले तर कंबोडियाची ख्मेर भाषाही याच ऑस्ट्रो-आशियाई कुळातली. आपल्या राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांची मातृभाषा संताली आहे, हे वर्गात एकदा नकाशा दाखवून जरूर सांगा. त्या अकरा मुलांना तर सांगाच, पण उरलेल्या वीस जणांना आधी सांगा. या कुळाच्या व्याकरणात नामाचे पुल्लिंग-स्त्रीलिंग आणि त्याप्रमाणे बदलणारे क्रियापद असा मराठीसारखा संसार नाही. तिथे भेद होतो तो सजीव आणि निर्जीव असा. एकवचन आणि अनेकवचन यांच्यामध्ये द्विवचनही आहे. ज्याच्या भाषेत चिंच बाई की बुवा हा प्रश्नच कधी उद्भवला नाही, त्याने ‘मोठा चिंच’ म्हणणे हे बुद्धिमांद्याचे लक्षण नसून मराठी शिकू लागल्याचे लक्षण आहे. (खरे सांगायचे तर चिंच स्त्रीलिंगी का आणि आंबा पुल्लिंगी का, याचे समाधानकारक उत्तर तुमच्या-माझ्याकडेही नाही.) गंमत अशी, की ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद हिंदीला नाही, पण मराठीला आहे आणि कोरकूलाही आहे. ऐकणाऱ्याला धरून एक शब्द, त्याला वगळून दुसरा. जिथे दोन भाषा अशा हातात हात घालून चालतात, तिथून सुरुवात केली तर मुलाला मराठी परकी वाटत नाही.

शेजारच्या रांगेतली वऱ्हाडी मुलगी ‘मले नाई माईत’ म्हणते, तेव्हा तुम्ही काय करता? बहुधा हसून ‘मला माहीत नाही’ असे म्हणून घेता आणि पुढे जाता. तिच्या बुद्धीविषयी तुमच्या मनात शंका येत नाही, कारण ती कुठून चुकली हे तुम्हाला ठाऊक असते. कोरकू मूल कुठून चुकले हे ठाऊक नसते, म्हणून ती चूक मोठी दिसते.

न बोलणाऱ्या मुलीकडे वळते, कारण तुमच्या पत्रातला हा सर्वांत नाजूक प्रश्न आहे. नव्या भाषेच्या वर्गात आलेले मूल काही आठवडे, कधी काही महिने, नुसते ऐकत राहते. भाषाशिक्षणाच्या क्षेत्रात ही गोष्ट सर्वपरिचित आहे आणि या काळात मूल रिकामे बसलेले नसते. पण तेवढ्यावर निश्चिंत होऊन हात झटकावेत असे मी म्हणणार नाही. कान नीट तपासून घ्या. शाळेच्या आरोग्य तपासणीची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रातून पुढे जिथे श्रवणचाचणी होते तिथे पाठवण्याचा आग्रह धरा, कारण वारंवार कान फुटणाऱ्या मुलाला अर्धवट ऐकू येते आणि ते परक्या भाषेत चटकन झाकले जाते. मग घरी जा. आईला आणि आजीला विचारा, ही पहिला शब्द कधी बोलली, भावंडांच्या तुलनेत उशीर झाला का, ‘आत जा, हंड्यातून पाणी आण आणि भावाला दे’ असे एका दमात कोरकूत सांगितले तर नीट करते का, गोष्ट ऐकते का, भांडते का, गाणी म्हणते का. स्वतःच्या भाषेत जे मूल घडाघडा बोलते, भांडते आणि निरोप बिनचूक पोहोचवते, त्याची अडचण बुद्धीची नाही. दोन्ही भाषांत सारखीच अडचण दिसली, तर मात्र वेळ न घालवता गटसाधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना बोलवा, आणि तपासणीच्या वेळी कोरकू जाणणारे माणूस शेजारी असलेच पाहिजे असे लेखी कळवा. मराठीतल्या प्रश्नांना मराठीत उत्तरे आली नाहीत म्हणून ज्याच्यावर अक्षमतेचा शिक्का बसतो, त्याचा तो शिक्का पुसायला पुढची सगळी शाळा अपुरी पडते.

ती वाचते, पण बोलत नाही, हे तुम्हाला कोडे वाटते. मला त्यात काळजीचे वेगळे कारण दिसते. अक्षरे जोडून उच्चार करणे आणि वाचलेले समजणे या दोन गोष्टी आहेत, आणि देवनागरी इतकी नेटकी लिपी आहे की अर्थ न कळताही पान वाचून काढता येते. साप्ताहिक चाचणीत अशा मुलापुढे ‘वाचन: येते’ अशी खूण होते आणि प्रश्न दोन वर्षे पुढे ढकलला जातो. तिने वाचलेल्या दोन ओळींवर तिला चित्र काढायला सांगा, किंवा तिच्या मैत्रिणीला कोरकूत सांगायला सांगा आणि मैत्रिणीकडून मराठीत ऐका. काय समजले ते तेव्हा कळेल.

उलट दिशेने होणारी फसगतही सांगून ठेवते. कॅनडातील भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये एक भेद मांडला: रोजच्या बोलण्याची भाषा आणि शाळेतल्या विषयांची भाषा. पहिली नव्या भाषेत साधारण दोन वर्षांत जमते, दुसरीला पाच ते सात वर्षे लागतात. तुमचा जो मुलगा मैदानावर वऱ्हाडी मुलांशी झकास मराठीत भांडतो आणि परिसर अभ्यासाच्या तासाला दगडासारखा बसतो, तो ढोंग करत नाही. ‘चेंडू दे’ आणि ‘बाष्पीभवन’ यांच्यामध्ये काही वर्षांचे अंतर आहे आणि ते कापायला त्याला माणूस हवे आहे.

उठ-बस करणाऱ्या मुलाविषयी तुम्ही अर्धे पान लिहिले आहे, पण तो नेमका केव्हा उठतो हे त्यात कुठेच नाही. एका वहीत आठवडाभर तेवढेच टिपा: वेळ, विषय, त्याआधी तुम्ही काय बोलत होतात आणि किती वेळ. परक्या भाषेत सलग ऐकणे किती दमवते, याचा अनुभव हवा असेल तर कन्नड किंवा तमीळ बातम्या पाऊण तास लक्ष देऊन ऐकून पाहा. वीस मिनिटांनी आपणही पाणी प्यायला उठतो. फळ्यावर गणित सोडवताना, कवायतीत, मातीकामात तो मुलगा जागेवर टिकत असेल, तर शिस्तीचा प्रश्न तुमच्या तोंडी विवेचनाच्या लांबीत दडलेला आहे. तो सगळीकडेच अस्वस्थ असेल, तर कारण दुसरे शोधावे लागेल: झोप, भूक, घरातले कोणी कामासाठी बाहेरगावी गेलेले. वस्तीवर गेल्याशिवाय ते कळणार नाही.

आता तो नियम. ‘वर्गात फक्त मराठी’ यामागचा मुख्याध्यापकांचा हेतू वाईट आहे असे मला वाटत नाही. मुलांच्या कानावर मराठी जितकी जास्त पडेल तितकी ती लवकर येईल, असा त्यांचा हिशोब असावा. हिशोब चुकतो तो एका ठिकाणी. कोरकू बंद केली म्हणून तिची जागा मराठी घेत नाही. ती जागा मौन घेते, आणि मौनातून मराठी शिकता येत नाही. शहरातल्या इंग्रजी शाळेत मराठी बोलल्याबद्दल मुलांना दंड झाल्याची बातमी आली की आपण किती संतापतो, हे आठवून पाहा. तोच दंड आपल्या शाळेत आपण मराठीच्या नावाने लावला तर त्याला दुसरे नाव कसे देणार? कायद्याचे म्हणाल, तर संविधानातील अनुच्छेद ३५० अ, जो १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आला, भाषिक अल्पसंख्य गटांतील मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे सांगतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चे कलम २९ शिक्षणाचे माध्यम व्यवहार्य असेल तितके मुलाची मातृभाषा असावे असे म्हणते, आणि कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करते. आठ वर्षांच्या मुलाने आपल्या आईची भाषा बोलली म्हणून त्याचे नाव दुसऱ्या आठ वर्षांच्या मुलाने वहीत टिपणे त्या मनाईत बसते की नाही, यावर शाळेने स्वतःच विचार केलेला बरा. वर्गनायकाच्या हातातली ती वही सर्वांत आधी काढून घ्या; ती त्या वर्गनायकाचेही नुकसान करते आहे.

मुख्याध्यापकांशी वाद घालू नका. ‘सर, मला दोन महिने माझ्या वर्गापुरती मोकळीक द्या’ एवढेच मागा, आणि सुरुवातीला अकराही मुलांचे दोन-दोन मिनिटांचे मराठी बोलणे मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. दोन महिन्यांनी पुन्हा करा. केंद्राच्या शिक्षण परिषदेत भाषणापेक्षा अशा दोन नोंदी जास्त काम करतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

पालकांविषयीचा तुमचा प्रश्न मला जास्त अवघड वाटतो, कारण तिथे दोन खऱ्या गोष्टी समोरासमोर येतात. एक वडील तुम्हाला म्हणाले, ‘मॅडम, कोरकू घरी हायेच, तुम्ही मराठीच शिकवा.’ तलाठ्याच्या कार्यालयात, बँकेत, मोबदल्याच्या कागदांवर अंगठा उमटवताना ज्याला मराठीवाचून अडले आहे, त्या बापाची ही मागणी शंभर टक्के रास्त आहे. त्याला कोणी भाषेच्या अस्मितेचे व्याख्यान देऊ नये. पण त्याचे वाक्य पुन्हा ऐका: त्याने ‘घरी आहेच’ असे म्हटले आहे, घरी बंद करतो असे म्हटलेले नाही. घरी मराठी बोला असा सल्ला तुम्ही दिलात, तर आई तिला नीट न येणाऱ्या भाषेत मुलांशी चार तुटक वाक्ये बोलेल आणि आजी गप्प बसेल. गोष्टी, कोडी, रागावणे, समजूत घालणे, कार्यकारणाची लांबलचक वाक्ये, हे सारे मुलाला घरातून मिळते ते घरच्या भाषेत. तोच पाया वापरून मूल मराठीत विचार करायला शिकते. तेव्हा पालकसभेत सांगायचे ते असे: घरी कोरकूत भरपूर बोला, मराठी चांगली शिकवण्याची जबाबदारी आमची. मग मात्र ती खरोखर घ्या, कारण कोरकूला जागा देण्याच्या नावाखाली मराठी पातळ करणे हाही त्या बापाशी दगाच होईल.

वर्गात काय करावे, यात मी थोडी रेंगाळते. रोज पहिली वीस मिनिटे केवळ बोलण्याची ठेवा, पुस्तक मिटून. एखादे चित्र लावा, बाजाराचे, पावसाचे, शेतातल्या कापूस वेचणीचे. कोरकू मुलांनी आधी आपसांत कोरकूत त्याविषयी बोलावे, मग त्यांच्यातल्या एकाने मराठीत सांगावे आणि तुम्ही त्याचेच वाक्य दुरुस्त करून, चूक न दाखवता, पुन्हा म्हणावे: ‘हो, मोठी चिंच आहे.’ ती वाक्ये फळ्यावर लिहा; तोच त्या दिवसाचा वाचनपाठ. मागच्या दोन रांगा मोडा, पण कोरकू मुलांना एकेकटे विखरू नका. दोन कोरकू आणि दोन वऱ्हाडी असे चौघांचे गट करा, म्हणजे प्रत्येकाला समजावणारा एक आणि बोलायला भाग पाडणारे दोन मिळतील. धडा सुरू करण्यापूर्वी त्यातले पाच-सहा अवघड शब्द वस्तू, हावभाव किंवा चित्राने आधीच ओळखीचे करून द्या. प्रश्न विचारल्यावर मनात दहा अंक मोजा. दोन भाषांमधून उत्तराचा प्रवास व्हायला तेवढा वेळ लागतो आणि आपण शिक्षक तीन अंकांवरच पुढच्या मुलाकडे वळतो.

तुम्हाला कोरकू येत नाही, हे लपवू नका; त्याचा उपयोग करा. वर्गाच्या भिंतीवर रोज एक शब्द मराठी, वऱ्हाडी आणि कोरकू असा तिन्ही अंगांनी देवनागरीत लिहा आणि कोरकू शब्द मुलांनाच विचारा. पाण्याला ‘डा’, कुत्र्याला ‘सिटा’ म्हणतात, इतपत मला ठाऊक आहे. उच्चार मुले नीट करून देतील आणि तुम्ही चुकलात की पोट धरून हसतील. ते हसू त्यांना हसू द्या. बाईसुद्धा चुकतात, पुन्हा म्हणतात आणि कोणी त्यांचे नाव वहीत लिहीत नाही, हे जूनपासून गप्प असलेल्या मुलीने पाहिले पाहिजे. परिपाठात आठवड्यातून एक गोष्ट वस्तीवरच्या आजीकडून कोरकूत होऊ द्या आणि मोठ्या वर्गातल्या कोरकू मुलाने ती मराठीत सांगावी. वस्तीच्या अंगणवाडीत कोरकू मदतनीस असल्यास तिच्याशी मैत्री करा. तुमच्या अडचणीला प्रशिक्षणापेक्षा ती अधिक उपयोगी पडेल.

गणिताविषयी थोडेसे. तुमची मुले बेरीज बरोबर करतात आणि ‘एकोणसाठ’ म्हणताच गोंधळतात, असे तुम्ही लिहिले आहे. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ असे वाचन सुचवले गेले, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ आणि थट्टा झाली. थट्टा करणाऱ्यांत घरी मराठीच बोलणारे किती होते, हे सांगायला नको. तुमच्या वर्गात ‘पन्नास नऊ’ ही पायरी ठेवा आणि ‘एकोणसाठ’ शेजारी शिकवा. गणित समजले आहे की संख्येचे नाव अडले आहे, हे वेगवेगळे तपासा.

हे सगळे एकट्या शिक्षिकेने करावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे, हेही मान्य करते. ओडिशाने २००६-०७ पासून दहा आदिवासी भाषांमध्ये प्राथमिक वर्गांची पुस्तके आणि त्या भाषा जाणणारे शिक्षक देण्याचा कार्यक्रम सरकारी पातळीवर हाती घेतला. आपल्याकडे गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मोहगावला ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच गोंडीतून शिकवणारी शाळा काढली, आणि तिला शासनाकडून मान्यतेऐवजी नोटीस मिळाली. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण शक्यतो पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षणाचा पुरस्कार करते. तुमच्या गावी त्या धोरणाचा पुरावा म्हणून काय पोहोचले, हे तुम्हीच सांगा. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेकडे कोरकूविषयीचे कोणते साहित्य उपलब्ध आहे, याची विचारणा शाळेच्या लेटरहेडवर पत्र पाठवून करा, आणि त्याची एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. मागणी कागदावर असली म्हणजे निदान ती नव्हती असे कोणाला म्हणता येत नाही.

शिव्यांचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तो भाषेचा नाही. कोणत्याही भाषेत कोणीही कोणाचा अपमान करायचा नाही, हा नियम करा आणि तो तिन्ही भाषांना लावा. तक्रार आली की तो शब्द मोठ्याने म्हणायला लावून त्याचा अर्थ दुसऱ्या कोरकू मुलाकडून विचारा. निम्म्या वेळा तो ‘सरक’ किंवा ‘पेन्सिल दे’ असा निघेल. खरी शिवी निघाली, तर वऱ्हाडी शिवीला जी शिक्षा तीच. पण तक्रार करणाऱ्या पालकांना हेही विचारा, की त्यांची मुले या मुलांना काय म्हणून हाक मारतात. ‘कोरकू’ हा शब्दच कोणी शिवीसारखा वापरत असेल, तर वर्गाला सांगा, की त्या भाषेत ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे माणसे.

हे उत्तर वाचणाऱ्यांत ऊसतोडीला आलेल्या बंजारा मुलांचे शिक्षक असतील, वीटभट्टीवरच्या छत्तीसगढी मुलांचे असतील, पुण्या-मुंबईच्या शाळांत कन्नड, तेलुगू, भोजपुरी बोलणारी मुले ज्यांच्यासमोर बसतात तेही असतील. त्यांच्यासाठी भाषेचे नाव बदलेल. कान तपासणे, घरी जाणे, कुजबुज ऐकणे आणि नावे लिहिणारी वही बंद करणे, यांत बदल नाही. एक फरक मात्र आहे. सहा महिन्यांसाठी आलेल्या मुलाबाबत ‘थोडे दिवस गप्प राहील, मग रुळेल’ असे म्हणून वाट पाहता येत नाही, कारण रुळण्याआधीच ते निघून जाते. तिथे पहिल्याच आठवड्यात त्याच्या भाषेचा एक मोठा मुलगा शोधून त्याच्या शेजारी बसवा.

तुमची बदली या वर्षी होणार नसेल, असे गृहीत धरून हे लिहिले आहे. त्या मुलीच्या घरी रविवारी जा. सकाळी जा, मजुरीचे दिवस असतील तर संध्याकाळी, आणि वर्गातली एखादी कोरकू मुलगी सोबत न्या, म्हणजे आजीशी बोलता येईल. काय विचारायचे ते वर लिहिलेच आहे. पण आधी नुसते बसा आणि ती अंगणात धाकट्या भावाशी कशी बोलते ते ऐका. दिवाळीच्या सुट्टीनंतरही ती वर्गात गप्पच राहिली, तर मला पुन्हा लिहा, आणि आजी काय म्हणाली तेही कळवा.